सिद्धोधनचा मास्क

पूर्णेचं पाणी गावात शिरलं, तसं सगळं गाव शाळेच्या गच्चीवर चढलं. भांडीकुंडी, दाणागोटा सोडून सरजाबाईनं घरातून एकच वस्तू आणली होती, लेकाचा मास्क. कोरोनात सिद्धोधनला अँब्युलन्समधून परभणीला नेलं, तो माघारी आलाच नाही. आली ती त्याच्या कपड्यांची पिशवी, अन् तिच्यात हा मास्क.

चढताना तो भिजला, म्हणून तिनं गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातला.

वारा साफ पडला होता. बाकीचे कपडे निपचित लोंबत होते. मास्क मात्र मधोमध आत ओढला जायचा, पुन्हा फुगायचा. दोनदा आखूड, एकदा लांब. घरातल्या शेवटच्या दिवशी सिद्धोधनला धाप लागली होती, ती अशीच.

"काय बघायलीस, मावशी?" शेजारच्या बबितानं विचारलं.

सरजाबाईनं जिन्याकडं बोट केलं. मास्क फुगला की पाणी एक पायरी वर चढत होतं. आत गेला की एक पायरी खाली.

मग मास्क आत ओढला गेला, आणखी आत, आणि तसाच राहिला. नदीचा आवाजच बंद झाला.

"पाणी उतरलं!" लोक ओरडले. जिना उघडा पडला, मग शाळेचं अंगण, मग रस्ता. माणसं आपापली घरं बघायला धावत सुटली. लेकराला कडेवर घेऊन बबिताही निघाली.

सरजाबाईनं तिचा पदर घट्ट धरला.

"उतरू नको, माय," ती म्हणाली. "त्यानं अजून श्वास सोडला न्हाई."