डावा आरसा

हे कोणालाही खरं वाटणार नाही, म्हणून मी ते फक्त या बाकावर वाट बघत बसलेल्यांना सांगतो. तुम्हाला उठून जाता येत नाही. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावा आरसा का नाही, असं विचारलंत ना? मग ऐका. भाची एकाला शिकवायला बाहेर घेऊन गेलीय, तोवर उरकतो. ती असली की मधे तोंड घालते.

तर त्या दुपारी याच गाडीत, मागच्या मैदानावर, डाव्या सीटवर भाची आणि स्टिअरिंगवर सेनापती. आपला नव्हे, वरचा. त्याची यानं आभाळात अशी दाटीवाटीने उभी, की खाली भरदुपारी दिवे लावावे लागायचे. अंगाचा रंग ओल्या फरशीसारखा. डोळे तीन, तिन्ही समोर. उंची एवढी, की गाडीत बसला की गुडघे कानाला लागायचे. कान नव्हते, पण असते तर लागले असते. त्याने बोट उचललं की मंत्री उभे राहायचे. पण त्यांच्यात सेनापती दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बसत नाही, आणि आपल्याकडे लायसन्सशिवाय गाडी चालवता येत नाही. म्हणून बसला होता निमूट, पुढे-मागे 'शिकाऊ' अशी लाल पाटी लावून.

"आज संध्याकाळी आम्ही निघणार," तो म्हणाला. "तू माझ्याबरोबर येशील."

विचारायची त्याला सवयच नव्हती. आणि बोलता बोलता त्याने ॲक्सिलरेटर असा दाबला, की मैदानाची भिंत धावत समोर आली.

शिकवायच्या गाडीची एक गंमत असते. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. भाचीने तो करकचून दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली.

"अरे, समोर बघ की!"

तिन्ही डोळे तिच्याकडे वळले. त्याला आजवर कोणी 'अरे' म्हटलं नव्हतं. म्हणणारा मागे उरला नव्हता, असंही लोक सांगतात.

"हुकूम वर गेल्यावर सोडा," भाची पुन्हा अहो-जाहोवर येत म्हणाली. "गाडीत माझं चालतं. आणि मी येणार नाही. शिकाऊ माणसं अर्धवट सोडून मी कोणाच्या लग्नालासुद्धा जात नाही. एवढं वाटत असेल तर तुम्ही परत या."

"आम्ही परत येत नाही."

"येत नाही, की येता येत नाही?"

मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. शपथेवर सांगतो, गड्याचा चेहरा पडला.

"येता येत नाही," तो म्हणाला.

त्यांची मान मागे वळतच नाही हो. मागचं दिसत नाही, म्हणून त्यांची यानं कधी रिव्हर्स घेतच नाहीत. सुटलं ते सुटलं. एवढी जगं जिंकली म्हणतात, तो काय पराक्रम होता? वळता येत नव्हतं, म्हणून जे समोर आलं ते घेत गेले. आणि म्हणूनच रिव्हर्सचा धडा तो रोज टाळायचा.

भाचीने डावा आरसा त्याच्याकडे वळवला. "मान हलवू नका. यात बघा." एवढं बोलून ती उतरली आणि जाऊन उभी कुठे राहिली? मैदानात गाडी लावायला दोन जुने टायर ठेवलेत ना, त्यांच्या मधे. गाडीच्या मागे. आता ब्रेक एकट्या त्याच्या पायाखाली.

"येऊ द्या," ती हात हलवत म्हणाली. "येऊ द्या, येऊ द्या..."

गाडी इंचाइंचाने मागे सरकू लागली. आरशात भाची आधी बोटाएवढी. मग वीतभर. मग आरसाभर नुसता तिचा चेहरा.

"बस्स!"

तिचा गुडघा आणि बंपर यांच्यात हात घालायलाही जागा उरली नव्हती.

तो उतरला नाही. आरशातच बघत राहिला. "तू मागे होतीस," तो म्हणाला, "आणि मला दिसत होतीस." त्या आवाजात हुकूम औषधालाही नव्हता.

भाचीने पान्हा घेतला, आरसा मुळासकट काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "यानाला लावा."

संध्याकाळी सगळी यानं गेली. आभाळ मोकळं झालं. भाची मात्र रोज मैदानात जाऊन रिकाम्या आभाळाला हात करायची, "येऊ द्या, येऊ द्या." लोक हसायचे. मीही हसायचो, पण भिंतीकडे तोंड करून.

आणि एका दुपारी, बरं का, ढगांतून एक यान आलं. शेपटीकडून! आचके देत, थांबत, पुन्हा सरकत, नवशिक्यासारखं. पुढच्या टोकाला तारेने बांधलेला आपल्या गाडीचा आरसा. खाली भाची दोन्ही हात हलवतेय, डोळे पुसायला हात मोकळा नाही. आणि काय सांगू तुम्हाला, पठ्ठ्याने ते अवाढव्य धूड त्या दोन टायरांच्या मधे असं अलगद लावलं, की कुठे ओरखडा नाही, कुठे धक्का नाही, भिंतीचा साधा पोपडा...

"मामा, खोटं!"

दारात भाची. हातात गाडीची किल्ली.

"भिंत पाडली त्याने. वर आरसाही फोडला. नाहीतर गाडीला नसता का आज? रोज म्हणतो, उद्या नवा लावून देतो."