चावी ऐकेना

ट्रकच्या डिझेल पंपाचा शेवटचा नट आवळून सून उठली. लकव्यानंतर मामंजी आज पहिल्यांदाच गॅरेजात आले होते. ते स्टुलावर बसले होते, उजवा हात मांडीवर पडून होता. तोंड मात्र सकाळपासून चालूच.

"पंपाची वायर थेट बॅटरीवर घे," ते म्हणाले.

"चावीवर ना, मामंजी? नाहीतर चावीने इंजिन बंद कसं होणार?"

"मला शिकवतेस? हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत."

हल्ली ते चहा पिऊन झाल्यावर पुन्हा चहा मागायचे. नवऱ्याला तिने हे सांगितलं होतं. त्याने विषय बदलला होता. मामंजींच्या वाकड्या झालेल्या ओठाकडे पाहून तिला पुढे वाद घालवेना; तिने वायर बॅटरीवर जोडली.

चावी फिरवताच ट्रकचं इंजिन सुरू झालं. मामंजी हसले. मग आवाज चढायला लागला. ॲक्सिलरेटरवर कुणाचाच पाय नव्हता, तरी चढतच गेला. टेबलावरचे पाने नाचू लागले. काळा धूर छताला लागला. तिने चावी बंद केली. इंजिन तसंच बोंबलत राहिलं.

"चावी ऐकत नाही!"

वायर उपटावी तर फिरत्या पंख्याशेजारून हात घालायचा. ती जागीच थिजली.

"हवा तोड त्याची! फळी घे, फळी!" मामंजी ओरडले.

हवेचा पाइप तिने कामासाठी काढून ठेवला होता. इंजिनात हवा जायच्या त्या उघड्या तोंडावर तिने फळी दाबली, वर अंगाचा भार टाकला. आतून कुणी ओढावी तशी फळी चिकटली. इंजिन गुदमरलं, अख्खा ट्रक हादरला आणि सगळं गप्प झालं.

धापा टाकतच तिने टॉर्च उचलला आणि ती पंपाकडे वाकली.

"पंपाच्या लिव्हरची स्प्रिंग अडकवायची राहिली, म्हणून वेग चढला," उजेडात पाहत ती म्हणाली. "माझीच चूक."

"आणि वायर?"

"तीही... घाईत माझ्याच हातून."

"खोटं बोलू नकोस. तशी जोडायला मीच सांगितलं होतं. सांगितलं होतं ना?"

मामंजी स्टूल फरफटवत इंजिनाजवळ आले. तिच्या हातातला टॉर्च त्यांनी डाव्या हातात घेतला. उजेड पंपावर धरला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता तू सांगत सांगत जोड. मी ऐकतो."