दोन ठिपक्यांमधली रेष

नकाशावर लाल ठिपक्यांचे दोनच घोळके होते, एक बंदरावर आणि एक लांब टेकडीवरच्या वस्तीत. साथ इथून तिथे पोहोचली कशी, हेच आम्हाला उलगडत नव्हतं. शेवटी टेकडीवरच्या रुग्णांपैकी कू आजोबांनी फोनवर तोंड उघडलं.

"पोरी, मी कुठे कुठे फिरलो ते सरकारी मेसेजमधून सगळ्यांच्या मोबाइलवर जाणार ना? मुलं काय म्हणतील!"

"नाव नाही देत आम्ही, आजोबा. बिनधास्त सांगा."

"बंदरावर आम्हा म्हाताऱ्यांचा नाचाचा हॉल आहे. दुपारी तिथे असतो मी."

"सापडलं!" मी ओरडलेच. अख्खं आरोग्य केंद्र टाळ्या पिटायला लागलं. केंद्राचे प्रमुख बे साहेब, त्यांनी स्वतः पेन घेऊन बंदरापासून टेकडीपर्यंत रेष ओढली.

"आणि नाचलात कोणाबरोबर?" मी फोनवर विचारलं.

"नाव कोण विचारतं! पण काय गिरकी घेते, वा! गळ्यात जांभळा रुमाल, सुनेनं वाढदिवसाला दिलेला. चर्चमध्ये किम्चीचं लोणचं घालायला जाते, असं घरी सांगून येते. म्हणते, सून आरोग्य केंद्रातच आहे, तिला कळलं तर माझी धडगत नाही."

टाळ्या अजून चालूच होत्या. मी खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली.

"सगळे लांब व्हा माझ्यापासून! आणि साहेब, पेन ठेवू नका. रेष अजून संपलेली नाही."