कावळ्याला दिलेला शब्द

शालनच्या नवऱ्याच्या दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना.

"आईला अंतर देणार नाही," मुलगा म्हणाला. "घराची वाटणी मागणार नाही," दीर म्हणाले. कावळे पिंपळावरून खाली बघत बसले.

जीव कशात अडकलाय, ते शालनला ठाऊक होतं. नवऱ्याने हौसेने तिच्यासाठी स्कूटर घेतली होती. शिकायचं म्हटलं की तिचा गुडघा दुखायचा, नाहीतर रस्त्याला गर्दी असायची, नाहीतर पितृपक्ष लागलेला असायचा. दर दसऱ्याला स्कूटरला झेंडूचा हार मात्र ती न चुकता घालायची.

तिने पुढे होऊन हात जोडले. "तेरावं झालं की स्कूटर शिकते," ती पुटपुटली.

कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन उडाला. सगळ्यांनी हुश्श केलं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गुडघा खरंच दुखत होता.

"पुढच्या आठवड्यापासून शिक. कावळा काय बघायला येतोय?" मुलगा म्हणाला.

तिने खिडकीतून खाली पाहिलं. स्कूटरच्या आरशावर कावळा बसला होता. तो दुसराच कुठला तरी असणार, हे तिला कळत होतं.

ती किल्ली घेऊन खाली उतरली.