कच्चा शंकरपट

मिथुनचा गेम लाँच झाला असं एकदा ठरलं, की धनराजभाऊंचा निव्वळ फायदा एक लाखाचा होता. दिले होते दोन लाख. बोली अशी, की लाँचच्या दिवसापासून दोनाचे तीन परत मागता येतील, आणि मागूनही दिले नाहीत तर मिथुनचे चारही कॉम्प्युटर भाऊंचे. लाँच होईपर्यंत मात्र एक रुपयाही मागायचा नाही.

आणि मिथुन लाँच करतच नव्हता.

म्हणून त्या संध्याकाळी वडशाला, नाटकाच्या मंडपामागं, टेम्पो उभा होता. आत चंद्रपूरहून उचलून आणलेले चार कॉम्प्युटर सतरंजीत गुंडाळलेले. पोचू ड्रायव्हर इंजिन बंद करत नव्हता. भाऊंची तशी ताकीद होती. टेम्पोच्या मागोमाग मोटरसायकलवर आलेला मिथुन घामानं भिजला होता. कॉम्प्युटर गेले तर गेम गेला, आणि त्याची तीन वर्षंही.

मंडळाचे मालक धनराजभाऊ रंगमंचावर राजाच्या खुर्चीत बसले होते. कालच्या रंगीत तालमीच्या तिकिटांचं उरलेलं पुस्तक हातात होतं, त्यानंच वारा घेत होते. हंगामाचा पहिला प्रयोग रात्रीचा, आणि खुर्च्यांची सगळी तिकिटं आगाऊ संपलेली. एवढ्या गडबडीतही भाऊंनी अठराच्या अठरा कलाकारांना पंच म्हणून गोळा केलं होतं. या मंडळाची रीतच होती: भांडण असेल ते रंगमंचावर, सगळ्यांसमोर. नारळ फुटलेल्या रंगमंचावर बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही. असा शब्द मिथुनकडून काढून घ्यायचा, हा भाऊंचा बेत.

"बोल बे," भाऊ म्हणाले. "गेम चालू हाय का नाई?"

"ओपन बीटा हाय, काका. म्हणजे कच्चा. लोकायनं खेळून चुका सांगायच्या. बैल अजून झाडातून आरपार जाते."

"आन पैसे? ते बी झाडातून आरपार जाते का?"

कलाकार हसले. मिथुनचा गेम म्हणजे मोबाइलवरचा शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. रंगवलेल्या शिंगांची जोडी एकोणपन्नास रुपयांना. अशा आठ हजार जोड्या विकून झाल्या होत्या, आणि कंपनीच्या पानावर अजून 'चाचणी सुरू आहे' असंच लिहिलेलं होतं. पोरगं काही भोळं नव्हतं.

"तो सर्वरचा खर्च हाय, काका," मिथुन म्हणाला. "तालीमच समजा ना एक परकारची."

'तालीम' शब्दावर भाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

"तालीम? कोनाले शिकवून राह्यला? तीस वर्सं नाटक विकून राह्यलो मी! पब्लिकचा पैसा गल्ल्यात पडला, का तालीम खतम. तो परयोगच. नाव तू काई बी दे."

चहाची किटली घेऊन बायनाबाई पुढं आल्या. मिथुनची आई. मंडळात राणीपासून सासूपर्यंत सगळं करून झालेली बाई. तिच्याच शब्दावर भाऊंनी पोराला दोन लाख दिले होते.

"भाऊ बरोबर बोलून राह्यले, बाबू," त्या म्हणाल्या. "काऊन अडून राह्यला? मान्य कर."

मिथुननं आईकडं पाहिलं आणि मान खाली घातली. भाऊंना हसू आवरेना.

"पाह्य, तुही मायच सांगून राह्यली."

"पण भाऊ," बायनाबाई कपात चहा ओतत म्हणाल्या, "खेळ कच्चा असला, चुका राह्यल्या असल्या, तरी बी?"

"तरी बी! ज्या दिवशी पैसा घेतला त्या दिवशी खेळ सुरू. आन खेळ सुरू झाला, का ज्याचं देनं निंगते त्याचं त्याच दिवसापासून निंगते!"

"मांगं पेटीवर बसल्या गुलाबले आयकू नाई गेलं."

भाऊ उभे राहिले. नाटकाच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं, त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. बाहेर टेम्पो गुरगुरत होता.

"मान्य," मिथुन म्हणाला. "गेम लाँच झाला. पैसे पटले का कॉम्प्युटर उतरवा."

मोटरसायकलच्या डिकीतून त्यानं एक पिशवी आणली. जुन्या शालूची, जरीकाठी, आईनं शिवलेली. पिशवीतून तीन लाख निघाले. पैसे जवळ असताना पोरगं एवढा वेळ कशाला घाम गाळत होतं, हे विचारायला भाऊंना फुरसत नव्हती. ते नोटा मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी नोटा पुन्हा पिशवीत भरल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि पोचूला हात केला. इंजिन बंद झालं. कॉम्प्युटर खाली उतरले.

 फाटकाशी लोक जमायला लागले होते.

"चला, लागा कामाले," भाऊ म्हणाले. "तोंडाले रंग लावा. पब्लिक आली."

कोणी उठलं नाही. भाऊंनी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. अठरा चेहरे, एकावरही रंगाचा ठिपका नाही. मेकअपची पेटी बंद, आणि तिच्यावर गुलाब बसलेली.

"काऊन? का झालं?"

बायनाबाईंनी किटली खाली ठेवली. नोटा मोजताना भाऊंनी बाजूला ठेवलेलं तिकिटांचं पुस्तक हलकेच उचललं आणि वरचं तिकीट सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"रंगीत तालीम, तीस रुपये," त्यांनी वाचलं. "नाईटचा पैसा आमाले परयोगाचा भेटते, भाऊ. तालमीले चहा. दर हंगामात तिकिटाच्या पाच तालमी, असे नऊ हंगाम, आमी अठरा जन. साऱ्यायच्या नाईटा मिळून पाच लाख सदुसष्ट हजार निंगते."

मग त्यांनी खुर्चीवरची आपली शालूची पिशवी उचलून काखेत मारली.

"हे तीन लाख जमा धरले. राह्यले दोन लाख सदुसष्ट हजार. ते मोजा, मंग रंग लावतो."