कंट्रोलरचा दिवा

कंट्रोलरचा दिवा लुकलुकत होता आणि पेट्रिशिया तो लुकलुकताच राहावा म्हणून धडपडत होती. थोड्या वेळाने दिवा दमून विझायचा, की ही मधलं बटण दाबून त्याला परत जागं करायची.

"लागला का?" फोनमधून मेलरॉयने विचारलं. फोन स्पीकरवर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला.

"नाही रे बाबा. नुसता डोळे मिचकावतोय."

लागणार कसा? कंट्रोलर आणि कॉम्प्युटर यांची गाठ घालून देणारा तो नखाएवढा रिसिव्हर तिने मघाशीच मागून उपटून गाऊनच्या खिशात टाकला होता. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन, कम्युनियन घेऊन आलेली बाई, आणि घरी आल्यावर पहिलं काम हे.

कारण मागचा रविवार. एरवी आईलेकाचा रविवारचा कॉम्प्युटरवरचा फुटबॉल म्हणजे तो तिकडे ऑकलंडला खेळणार, ही इकडे सहारच्या घरात बसून खेळणार, आणि बोलणं काय, तर "मम्मी पास दे", "मम्मी मार". दोन मॅच झाल्या की, "चल, जेवतो, बाय." नुसतं बोलायला फोन केला तर त्याहून वाईट. "मी बरा आहे, तू कशी आहेस" यापुढे गाडी जातच नाही. पण मागच्या रविवारी कंट्रोलर खरोखर बिघडला. हे काढ, ते घाल, बंद कर, चालू कर. जुना कॉम्प्युटर उठायला युगं लावतो, आणि तेवढ्या वेळात पोरगा मोकळा बोलला. दाढ दुखते म्हणाला. रूममेट सोडून गेला म्हणाला. गोदामात दिवसभर गोठलेल्या मटारचे खोके उचलून बोटं बधिर होतात म्हणाला. एवढं तो वर्षभरात बोलला नव्हता. शेवटी लागला मेला कंट्रोलर, आणि परत "मम्मी पास दे" सुरू झालं.

"सेल बदललेस?"

"बदलले." सेल होते तिथेच होते.

"सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरचं नाव काढून टाकलंस?"

"टाकलं."

"मग रीस्टार्ट कर. मी आहे लाईनवर."

हेच तर तिला ऐकायचं होतं. तिने कॉम्प्युटर रीस्टार्टला लावला आणि खुर्ची फोनजवळ ओढून घेतली.

"दाढ कशी आहे?"

"आहे तशीच. एका बाजूने जेवतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "मसाला संपला गं मम्मी."

दर मे महिन्यात ती मसाला कुटून बाटल्यांमध्ये ठासून भरायची. त्यातली सगळ्यात मोठी बाटली त्याच्या बॅगेत, त्याच्याच टॉवेलात गुंडाळून दिली होती.

"संपला? आणि आता सांगतोस?"

"झाले बरेच दिवस. बाटली ठेवलीय तशीच. कधी कधी झाकण उघडून वास घेतो."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, ते एक बरं झालं. विमान जात असताना बोलणं थांबवायचं ही विमानतळाला लागून राहणाऱ्या सहारच्या माणसांची सवय. तिकडे मेलरॉयही थांबला.

"मोठं होतं," आवाज विरल्यावर तो म्हणाला.

"मोठंच. नाताळला येशील?"

"बघतो ना. सीझन असतो, सुट्टी देत नाहीत." आणि लगेच, "आली का स्क्रीन?"

"कुठली? गोल गोल फिरतंय अजून." स्क्रीन केव्हाच आली होती.

"पार वाट लागलीय त्याची. जाऊ दे, मी तुला वायरवाला कंट्रोलरच ऑर्डर करतो. एक-दोन दिवसांत घरी येईल. खोचला की चालू. कटकटच नको."

म्हणजे पुढच्या रविवारपासून दोन मॅच, आणि बाय.

"वायर नको. पायात येते."

"टेबलावर असते मम्मी, पायात कशी येईल? बरं, एक शेवटचं. मागे रिसिव्हर नीट बसलाय का, वाकून बघ जरा."

ती जागची हलली नाही. "बसलाय."

"त्याचा दिवा लागलाय?"

"लागलाय की. हिरवा."

लाईन गेली असं वाटून पेट्रिशियाने फोन उचलून कानाला लावला. तिकडे कुठेतरी नळ ठिबकत होता, तेवढा ऐकू येत होता.

"मम्मी, त्या रिसिव्हरला दिवा नसतो."

तिचा हात खिशावर गेला. आता हसेल. नाहीतर चिडेल, म्हणेल, आठवड्याची एक सुट्टी, ती पण खाल्लीस. आणि का केलंस म्हणून विचारलं तर काय सांगायचं? तुझा आवाज हवा होता रे, एवढंच?

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वायरवाला नाही मागवत," मेलरॉय म्हणाला. "तू असं कर. परत बंद कर, आणि परत चालू कर. सावकाश कर. मी आहे."