विंगेतला आवाज

मिरजेच्या वत्सलेच्या एका पत्राला भालबांनी चाळीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "मी पहिल्या रांगेत, विंगेला लागून बसते. नायकाच्या आधी तुमचा आवाज येतो. मी त्यासाठीच येते. उत्तर द्याल?"

भालबा नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर. देवीच्या व्रणांनी चेहरा भरलेला, म्हणून विंगेतच जन्म गेला. देखण्या चिंतोपंतांना रंगमंचावर वाक्यं पुरवायची आणि त्यांच्या नावानं वत्सलेला प्रेमपत्रंही लिहायची. त्यामुळे स्वतःच्या नावाचं पत्र आलं तेव्हा त्यांना वाटलं, मंडळीतल्या टवाळांनी थट्टा मांडली आहे.

आज चिंतोपंत चहाला आले. कवळी सावरत म्हणाले, "भाल्या, एक सांगायचं राहिलंय. वत्सलेनं मला नकार दिला होता."

"तुला? अरे, तुझ्यावर गावंच्या गावं फिदा होती!"

"म्हणाली, 'पत्रं लिहिणारा विंगेत उभा असतो. मी त्यालाच लिहिलंय.' मला लाज वाटली रे, गप्प बसलो. अजून एकटीच आहे ती."

भालबांच्या हातातली बशी कलंडली. गरम चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

"म्हणजे ते पत्र तिचंच होतं?"

"मग काय माझं? मला कधी चार ओळी लिहिता आल्या?"

भालबांनी पोस्टकार्ड ओढलं. पत्ता चिंतोपंतांनी सांगितला. खाली भालबांनी पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं आणि ओल्या धोतरानिशी जाऊन कार्ड पेटीत टाकलं.